अंड्याला थंडी, कुडकुडते कोंबडी

खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालायचा असेल, तर आधी हाताला गोणपाट गुंडाळा. एरवी तुमची सावली पडली तरी कॉक-कॉक करत पळत सुटणारी कोंबडी आता जागची हलत नाही. पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून घर्रर्र असा आवाज काढते आणि बोटाला अशी टोचते की डोळ्यांत पाणी येतं. ती आजारी नसते. अंडी घालायचं तिनं थांबवलेलं असतं आणि आता तिला फक्त बसायचं असतं, बस्स. खाली अंडी असोत, नसोत. अंडी काढून घेतलीत तर ती रिकाम्या पाटीत बसेल. पाटीत गुळगुळीत दगड ठेवलात तर दगड उबवत बसेल, आणि त्या दगडासाठीसुद्धा तुम्हाला टोचेल.

आता तिनं हा मुहूर्त ऐन पौषात काढला आणि गाव असलं निफाड तालुक्यातलं, तर घरात चर्चा सुरू होते. बसवायची की नाही? निफाड म्हणजे नाशिक जिल्ह्यातला द्राक्षांचा तालुका. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला पारा पेपरात छापून येतो. कधी ६ अंश, कधी ५, कधी त्याहूनही खाली. असल्या रात्री शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, कारण गारठ्यानं मणी तडकतात. बागेला शेकोटी, माणसाला गोधडी. आणि अंड्याला? अंड्याच्या आत पिल्लू घडायचं तर साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि तीही २१ दिवस. नाताळच्या दिवशी कोंबडी बसवली तर पिल्लं येणार १५ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या मागेपुढे. मधले तीन आठवडे वर्षातले सगळ्यात गार.

बाहेर ६ अंश, आत ३७.५. मधला एकतीस-बत्तीस अंशांचा खड्डा रात्रंदिवस कोण भरणार? दीड किलोसुद्धा भरेल न भरेल अशी एक गावठी कोंबडी. आणि ती तो भरते, हीच तर गंमत आहे.

आधी ती का बसते, ते बघू. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी एक चिमुकली ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. अमेरिकेतल्या ऑस्कर रिडल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली दाखवून दिलं, की अंडी घालत असलेल्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचलं तर त्या खुडूक होतात. हेच प्रोलॅक्टिन गाईच्या, मांजरीच्या, तुमच्या आईच्या अंगात दूध तयार करायला लावतं. कबुतरांच्या गळ्यातल्या पिशवीत पिल्लांसाठी दुधासारखा खाऊ तयार होतो, तोही याच्याच हुकमानं. कोंबडी दूध देत नाही. तिला प्रोलॅक्टिन सांगतं, बस.

अंडी विकणाऱ्यांना मात्र हे बसणं परवडत नाही, कारण खुडूक कोंबडी अंडं देत नाही. म्हणून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूक न होणाऱ्या कोंबड्या तयार केल्या. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण ती उबवायची कशी हे जवळजवळ विसरून गेलीय. गावठी कोंबडी देते ६०-७०, पण पिल्लं काढावीत तर तिनंच. घरात पिल्लं नको असतील तेव्हा खुडूक मोडायला तिला गार पाण्यात बुचकळतात. काही जण तर नाकात पीस खोचतात. हे मला मुळीच आवडत नाही. पण गार पाण्याचा उपाय कुणी शोधला असेल, त्याला एक गोष्ट नक्की कळली होती. खुडूकपणाचं गुपित कोंबडीच्या पोटात आहे.

त्या पोटाकडे आता जरा नीट बघू. खुडूक झाली की कोंबडीच्या छातीपोटावरची पिसं झडतात. उघडी, लालसर कातडी दिसू लागते. आपल्याला वाटतं, अरेरे, हिला काहीतरी झालंय. उलट ही तिची तयारी असते. पिसं थंडीला आत येऊ देत नाहीत हे खरं, पण ती आतली ऊबही बाहेर जाऊ देत नाहीत. अंड्याला ऊब द्यायची तर मधे पिसं नकोत. ती कातडी जाड आणि मऊ होते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं तयार होतं, आणि ती थेट अंड्याच्या कवचाला टेकते. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. तुम्हाला एवढं असेल तर घरचे दवाखान्यात घेऊन पळतील. तिच्यासाठी तो रोजचाच दिवस.

पण खरी जादू पुढे आहे. पौषातल्या सकाळी गार पाण्यानं तोंड धुताना तुमची बोटं बघा. आधी पांढुरकी पडतात, मग बधिर होतात. कातडीला गार लागलं की शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. गरम रक्त आत हृदयाजवळ राहू दे, बोटांचं बघू नंतर, असा त्याचा हिशोब. कुत्रा, मांजर, म्हैस, सगळ्यांचा हिशोब हाच. १९८०च्या दशकात संशोधकांनी बँटम नावाच्या लहानखुऱ्या कोंबड्यांच्या पोटावरच्या त्या उघड्या कातडीतलं रक्त मोजलं, तेव्हा त्यांना नेमकं उलटं दिसलं. पोटाला गार लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत, उघडतात! जास्त रक्त तिकडे धावतं. स्वतःची ऊब राखायची सोडून कोंबडीचं शरीर ती गार वस्तूला देऊन टाकतं.

आणि एवढी ऊब द्यायची तर ती आधी तयार करायला हवी. म्हणून कोंबडी कुडकुडते. पोटाखालची अंडी गार असली की तिच्या अंगातले स्नायू थरथरायला लागतात आणि त्या थरथरण्यातून उष्णता निघते. हेही बँटम कोंबड्यांवरच मोजलेलं आहे. आपणही थंडीत कुडकुडतो, दात कडकड वाजतात, पण तो आपला स्वतःपुरता कारभार. खुडूक कोंबडीच्या बाबतीत थंडी वाजते अंड्याला, आणि कुडकुडते ती. पाटीत डोळे अर्धे मिटून बसलेली ती बाहेरून आळशी दिसते. आत मात्र चोवीस तास भट्टी चालू.

एवढं करूनही एक अडचण उरतेच. शेकोटीसमोर बसलं की पोट भाजतं आणि पाठ गारठते, मग आपण उठून पाठ फिरवतो. अंड्याचंही तसंच. वरची बाजू कोंबडीच्या पोटाला, खालची पाटीच्या तळाला. त्याला स्वतःहून वळता येत नाही, म्हणून कोंबडी ते वळवते. मान खाली घालते, चोच अंड्याच्या पलीकडे नेते आणि अलगद आपल्याकडे ओढते. दिवसातून कितीतरी वेळा, रात्रीसुद्धा. यातून ऊब तर सगळीकडून मिळतेच, शिवाय आणखी एक काम होतं. पिल्लाचा अंकुर पिवळ्या बलकाच्या वरच्या अंगाला असतो आणि बलक हळूहळू वर तरंगत येतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर अंकुर कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि तिथंच सगळं संपतं. उबवणी यंत्रंसुद्धा अंडी तासातासाला कलती करतात. ते शिकली कुणाकडून, हे सांगायला नको.

अंडी वळवता वळवता ती त्यांच्या जागाही बदलते. कडेचं अंडं आत, आतलं कडेला. इथेच थंडीच्या दिवसांतली सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती करतात माणसं. उन्हाळ्याच्या तोंडाला एका मोठ्या कोंबडीखाली बारा-तेरा अंडी खपून जातात. मग पौषातही तेवढीच ठेवली जातात. समजा, तेरा अंड्यांतली दहाच तिच्या पोटाखाली नीट झाकली जातायत. तुम्ही म्हणाल, तीन वाया जातील, दहा तर निघतील! पण ती जागा बदलते ना. आज ही तीन कडेला, थोड्या वेळानं ती तीन. एकेक करून प्रत्येक अंडं गारठ्याची पाळी भोगून येतं, आणि नुकसान तिनावर थांबत नाही. म्हणून जाणती माणसं थंडीत आठ, फार तर दहा अंडी ठेवतात. कोंबडी लहान असेल तर सहासुद्धा. हावरटपणा केला की गणित चुकलंच.

अंडी निवडायचीही एक पद्धत आहे. दुकानातली अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवायचा बेत तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात आत्ताच शिजला असेल. उपयोग नाही. ती अंडी देणाऱ्या कोंबड्या कोंबड्याशिवाय वाढवलेल्या असतात, त्यात पिल्लाचा अंकुरच नसतो. ज्या खुराड्यात कोंबडा आहे तिथलीच अंडी हवीत, आणि ती आठवड्याभरातली. आता विचारा, आठवड्याभरातली म्हणजे एक अंडं सोमवारचं आणि एक रविवारचं, तर पिल्लं एकाच दिवशी कशी निघतात? अंडं बाहेर पडतं तेव्हा त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात, कारण कोंबडीच्या पोटात ते जवळजवळ एक दिवस उबेत असतं. बाहेर आलं, गार झालं, की वाढ थांबते. मेलं नाही, थांबलं. कोंबडी बसली की सगळी अंडी एकदमच पुन्हा सुरू होतात.

आणि इथे थंडी चक्क मदतीला येते. मे महिन्यात, पारा चाळिसावर असताना, घरात ठेवलेल्या अंड्यातली वाढ पुरती थांबतच नाही. अर्धवट ऊब मिळते, अंकुर अर्धवट वाढतो आणि मरतो. नंतर कोंबडी २१ दिवस बसूनही काही निघत नाही. हिवाळ्यात साठवलेली अंडी निवांत थांबून राहतात. मला विचाराल तर आपल्याकडे खुडूक कोंबडीला थंडीपेक्षा उन्हाळा जड जातो. थंडी पडली तर ती जास्त ऊब तयार करू शकते. गारवा तयार करणं तिला जमत नाही.

पण थंडी खालूनही येते, हे विसरायचं नाही. फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर नुसती पाटी ठेवली तर जमीन रात्रभर अंड्यांची ऊब पीत राहते. म्हणून पाटीखाली गोणपाटाची दोन-तीन घड्यांची बैठक, पाटीत भुसा नाहीतर पेंढा चांगला वीतभर, आणि मधे हातानं दाबून उथळ खळगा. खळगा फार खोल केला तर अंडी एकमेकांवर चढतात. पाटी ठेवायची वारा न लागणाऱ्या, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात. भुशात थोडी राख मिसळली तर पिसवांचा त्रास कमी होतो. अंड्यांवर पेन्सिलीनं फुली मारायची, म्हणजे दुसरी एखादी कोंबडी आत घुसून नवं अंडं घालून गेली तर ते ओळखता येतं. आणि कोंबडी बसवायची ती दिवस मावळल्यावर. अंधारात तिला फारसं दिसत नाही, ती कुरकुर करते आणि बसून राहते.

एक काम मात्र करायचं नाही. थंडी फार आहे म्हणून पाटी चारी बाजूंनी प्लॅस्टिकनं घट्ट बांधून टाकायची नाही. शेजारी धुराची शेकोटीही नको. का? कारण अंडं श्वास घेतं! कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. साधारण ६० ग्रॅमचं अंडं २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेतं, साडेचार लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं आणि ११ लिटर पाण्याची वाफही. एका मुठीत मावणारं, गप्प पडलेलं अंडं! वाफ जाते म्हणून अंडं दिवसेंदिवस हलकं होतं, आणि त्याच्या बोथट टोकाशी हवेची एक पोकळी मोठी होत जाते. ती पोकळी लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

दिवसातून एकदा कोंबडी उठते. थंडीत तिला दुपारच्या उन्हात उठवावं, सकाळी नाही. उठली की आधी एक भलीमोठी, भयंकर वासाची शी करते. दिवसभराची साठवलेली. अंड्यांवर करायची नाही, हा तिचा नियम. मग थोडी बाजरी किंवा मका, पोटभर पाणी, धुळीत एक अंघोळ, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. खाणं एरवीच्या पाचव्या हिश्शाएवढंसुद्धा नसतं. तुम्हाला दया येईल, दाण्याची वाटी तिच्या चोचीसमोर ठेवाल. फार फरक पडत नाही. रानकोंबड्यांवर अभ्यास झालाय, अन्न अगदी घरट्याशेजारी ठेवलं तरी बसलेली कोंबडी थोडंच खाते. तिची भूकच या दिवसांत कमी होते, आणि वजन घटतं.

ती उठून गेली की अंडी गार होतात का? होतात, पण सावकाश. अंड्यात मुख्यतः पाणीच असतं आणि पाणी झटकन गार होत नाही. शिवाय अंडी एकमेकांना चिकटून असतात, खाली भुसा ऊब धरून असतो. पंधरा-वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. शेवटच्या आठवड्यात तर आतली पिल्लं एवढी वाढलेली असतात, की ती स्वतःच थोडी उष्णता सोडायला लागतात. हजारो अंडी असलेल्या मोठ्या उबवणी यंत्रांत त्या दिवसांत हवा तापवण्याऐवजी गार करायची वेळ येते. बिघडतं ते कोंबडी कुत्र्याला घाबरून रात्रभर बाहेर राहिली तर.

ती दाणे टिपत असते ना, तेवढ्यात एक गंमत बघून घेता येते. सातव्या दिवसानंतर अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला बॅटरी लावायची.

“आजी, बघू का गं एक?”

“बघ, पण एकच. आणि हात आधी शेकोटीवर धर. गारढोण हात नको लावूस त्याला.”

उजेडात आत लाल दोऱ्यांचं जाळं दिसतं, मधे एक गडद ठिपका, आणि नशीब असेल तर तो हललेलाही दिसतो. काहीच दिसलं नाही, अंडं नुसतं पिवळट उजळलं, तर ते फुकट गेलेलं. बॅटरी नव्हती तेव्हाही माणसाला ही उत्सुकता होतीच. ग्रीसमध्ये, सुमारे २३०० वर्षांपूर्वी, अॅरिस्टॉटलनं अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून आत काय घडतंय ते लिहून ठेवलं. तीन दिवसांच्या आसपास त्याला पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसला, जिवंत असल्यासारखा उडणारा. ते पिल्लाचं हृदय होतं. नख-चोच कशाचा पत्ता नाही, आणि हृदय कामाला लागलेलंसुद्धा.

आता जाऊ शेवटच्या तीन दिवसांकडे. पिल्लू आत घडी घालून बसलेलं असतं, डोकं उजव्या पंखाखाली. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी ते चोचीनं आतला पापुद्रा फोडतं आणि चोच त्या हवेच्या पोकळीत घालतं. आयुष्यातला पहिला श्वास! हवा मिळाली की आवाज आलाच. अंडं कानाशी धरलं तर आतून च्यूं च्यूं ऐकू येतं. ही बडबड निरर्थक नाही. संशोधकांनी नीट ऐकलं तेव्हा कळलं, की पिल्लू अंड्यातून दोन सुरांत बोलतं. एक सुखाचा, एक त्रासाचा. अंडं गार पडायला लागलं की त्रासाचा सूर निघतो. तो ऐकून कोंबडी क्लक-क्लक करते, अंगाची हालचाल करते, आणि बहुतेक वेळा पिल्लू गप्प होतं. म्हणजे पौषातल्या पहाटे जन्माला न आलेलं पिल्लू आतून “मला थंडी वाजतेय” म्हणून ओरडतं आणि आई सरकून त्याला झाकते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

पिल्लं आपापसांतही बोलतात. मार्गारेट व्हिन्स या इंग्लंडमधल्या संशोधिकेनं १९६०च्या दशकात लावा पक्ष्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले. अंडी एकमेकांना चिकटून ठेवली तर पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येत. वेगवेगळी ठेवली तर पुढेमागे. आतून येणाऱ्या टिकटिक आवाजानं मागे पडलेली पिल्लं घाई करत होती.

मग येतो २१वा दिवस. चोचीच्या टोकावर एक टणक दाणा असतो, तेवढ्यापुरताच उगवलेला. मानेमागे एक स्नायू फुगलेला असतो, तोही या कामापुरताच. त्या दाण्यानं कवचाला पहिला टिचका पडतो, आणि मग पिल्लू चक्क झोप काढतं. कित्येक तास. बाहेर आपला जीव वर-खाली. मदत करू का? टरफल सोलू का? अजिबात नाही. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त खेळत असतं आणि उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईनं सोललं तर रक्त जातं, आणि पिल्लूही. थंडीत तर कोंबडीला उचलून डोकावूसुद्धा नका. ओल्या अंगाला वारा लागला की गारठा दुपटीनं लागतो. अंघोळीनंतर टॉवेल शोधत उभे राहता ना, तेव्हा आठवून बघा. आईच्या पोटाखाली ते काही तासांत वाळून कापसाळ होतं, आणि चोचीवरचा तो दाणा काही दिवसांत गळून पडतो.

पहिली पिल्लं निघाली तरी कोंबडी लगेच उठत नाही, मागच्यांसाठी दीड-दोन दिवस थांबते. मग आधी निघालेली उपाशी? नाही. पोटात ओढलेला तो बलक त्यांना दोन दिवस सहज पुरतो. याच शिदोरीवर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून दूरदूरच्या गावांना पाठवली जातात.

खरी परीक्षा इथून पुढे. अंड्यात असताना थंडीचा सगळा भार आईवर होता. आता पिल्लू बाहेर धावतंय, अंगावर नुसती लव, आणि स्वतःची ऊब राखणं पहिले काही दिवस त्याला नीट जमत नाही. यंत्रातल्या पिल्लांना म्हणून पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या जवळपास ऊब देतात आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत नेतात. घरी बल्ब लावला असेल तर थर्मामीटर लागत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग केला, तर थंडी. कडेला पळून चोच उघडून धापा टाकतायत, तर उकाडा. सगळीकडे पसरून निवांत टिपतायत, तर सगळं ठीक.

कोंबडी असली की बल्बही नको. ती पंख थोडे सैल सोडून बसते आणि पिल्लं खाली शिरतात. चार मिनिटं बाहेर, गार झालं की आत, गरम झालं की पुन्हा बाहेर. पंखातून मधेच एखादं डोकं बाहेर येतं आणि इकडेतिकडे बघून परत आत जातं. आपण फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. सकाळी ऊन चढेपर्यंत त्यांना डालग्याखाली ठेवायचं, म्हणजे गारठ्याबरोबर घार आणि मांजरही टळतं. आणि पाण्याच्या थाळीत खडे घालायचे. पिल्लू थाळीत पडलं आणि भिजलं, की पौषात ते वाचवणं कठीण. अंगावर खरी पिसं यायला महिना-दीड महिना लागतो.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या जोअॅन एडगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग छापला. आई कोंबडीसमोर तिच्या पिल्लांवर हवेचा हलका फवारा सोडला. पिल्लांना लागलं काहीच नाही, पिसं तेवढी विस्कटली. पण आईच्या हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याचं तापमान घसरलं, तिनं पिसं सावरणं थांबवलं आणि ती पिल्लांना हाका मारत राहिली. फवारा तिच्या अंगावर आला नव्हता, तरीसुद्धा.

एवढी काळजी घेणाऱ्या या बाईला, आपली पिल्लं कोणती आणि परकी कोणती, हे मात्र सुरुवातीला कळत नाही. रात्री अंधारात बाजारातून आणलेली एक दिवसाची पिल्लं तिच्या पोटाखाली सरकवली, तर सकाळी ती त्यांना आपलीच समजून हिंडवते. किती दिवस बसलो याचाही हिशोब ती ठेवत नाही. पिल्लांचा आवाज आणि स्पर्श मिळाला की प्रोलॅक्टिन उतरतं आणि बसणं संपतं. म्हणूनच बदकं पाळणारी मंडळी तिच्याकडून बदकाची अंडीही उबवून घेतात. त्यांना २८ दिवस लागतात, तर ती निमूट एक आठवडा जास्त बसते.

तिकडे निफाड तालुक्यातल्याच नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर, कडाक्याची थंडी चुकवायला उत्तरेकडच्या देशांतून बदकं आलेली असतात. इकडे आपली कोंबडी सहा पिवळी पिल्लं घेऊन विहिरीजवळच्या डबक्यापाशी येते. टक-टक करून त्यांना दाणा दाखवते. पिल्लं दाण्याकडे बघत नाहीत. एकामागून एक टुपटुप पाण्यात उतरतात आणि मजेत पोहायला लागतात. काठावर पंख पसरून ती इतका आरडाओरडा करते, की गल्लीतली माणसं साप निघाला म्हणून काठ्या घेऊन धावत येतात.